लाखोरी विटांची हवेली

लग्नाचा वाढदिवस दिल्लीत आला. रात्री जेवायला कुठे जायचे? आम्ही मियाँ-बीवीने चांदणी चौकामागची हवेली धरमपुरा निवडली. मोडकळीस आलेली ही हवेली डागडुजी होऊन २०१६ साली उघडली. उपाहारगृहाचे नाव ‘लाखोरी’, म्हणजे मोगलकाळातील पातळ भाजकी वीट. दर शिक्षकाच्या खिशाचे नव्हतेच. पण त्या पैशाने विटा टिकत असतील तर तक्रार कशाची? जवळच बल्लीमारानात गालिबचे शेवटचे घर आहे, तेही भाड्याचे. १८६९ साली ते तिथेच वारले. १९९९ पर्यंत त्यात दुकाने होती. मग सरकारने थोडा भाग सोडवून स्मारक केले. वर्गात आम्ही दरवर्षी गालिब शिकवतो. त्यांचे घर मात्र दुसऱ्या दिवशी पाहिले, जेवण झाल्यावर.