जनक तारा, अतिनवताऱ्याचा

ज्या ताऱ्याच्या स्फोटातून अतिनवतारा (सुपरनोव्हा) प्रकट होतो तो तारा. कोणता तारा कधी फुटेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून त्याचा शोध उलट दिशेने घेतात. स्फोट दिसला की त्या दीर्घिकेची जुनी छायाचित्रे काढून नेमक्या त्या जागी पूर्वी काय होते ते पाहतात. दूरच्या दीर्घिकेत शेजारचे अनेक तारे एकाच ठिपक्यात मिसळलेले असतात; हबल दुर्बिणीच्या चित्रसंग्रहामुळे ते वेगळे ओळखणे पुष्कळ सुकर झाले. तरीही स्फोटाची दीप्ती ओसरल्यावर तो तारा खरोखर नाहीसा झाल्याचे दिसेपर्यंत ओळख पक्की मानणे धोक्याचे असते.

१९८७ए या अतिनवताऱ्याने हे चांगलेच दाखवून दिले. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या मोठ्या मॅगेलनी मेघातला हा स्फोट फेब्रुवारी १९८७ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्या जागी सँड्युलीक यांच्या यादीतला एक निळा महाराक्षसी तारा होता. सुरुवातीच्या अतिनील निरीक्षणांवरून तो अजून शाबूत असल्यासारखे वाटले. तो प्रकाश शेजारच्या ताऱ्यांचा होता हे नंतर उमगले. स्फोट तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांचाच होणार अशी अपेक्षा असल्याने निळ्या जनकाने सिद्धांतही हलवला. दोन तारे आधी एकमेकांत विलीन झाले असावेत, हे त्याचे आज बरेच मान्य असलेले स्पष्टीकरण आहे.

पुढे सापडलेले बहुतेक जनक मात्र तांबडेच निघाले. मेसिए ७४ मधील २००३जीडीचा जनक सूर्याच्या सुमारे ८ पट वस्तुमानाचा होता. साधारण १७ पटींहून जड तांबडे जनक जवळपास आढळत नाहीत. ते स्फोटाविना कृष्णविवर होतात, की धुळीमुळे त्यांचे वस्तुमान कमी भासते, हा वाद चालू आहे.

श्वेत बटूच्या स्फोटातून होणाऱ्या एक-अ प्रकारात जनक इतका मंद असतो, की जुन्या चित्रांत तो दिसतच नाही. मेसिए १०१ मधील २०११एफईच्या जागी काहीही आढळले नाही. पण त्यामुळेच बटूचा जोडीदार तेजस्वी तांबडा राक्षसी तारा नव्हता हे ठरले.

छायाचित्र नसले तरी जड ताऱ्यांबाबत रेडिओ निरीक्षणे उपयोगी पडतात. ताऱ्याने आधी सोडलेल्या वायूवर स्फोटाचा तडाखा बसला की रेडिओलहरी निघतात. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने १९९३जे या अतिनवताऱ्याची अशी निरीक्षणे केली आहेत. तांबड्या ताऱ्याच्या वायूपेक्षा तडाखा सुमारे हजारपट वेगाने धावतो, त्यामुळे स्फोटानंतरच्या एका वर्षाच्या नोंदींतून ताऱ्याच्या अखेरच्या सुमारे हजार वर्षांतला वायुऱ्हास कळतो.