तळेगावची दक्षिणा आणि घरचे व्याकरण

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावयाचे असा निश्चय करून जी थोडी कुटुंबे अलीकडे पुण्या-मुंबईच्या गर्दीतून निघून लोणावळा, कामशेत वा पवनेच्या खोऱ्यात येऊन राहिली आहेत, त्यांना गणित वा विज्ञान शिकविण्यासाठी पुस्तकांची वाण पडत नाही. परंतु मराठी व्याकरणाचा विषय निघाला की कोणते पुस्तक घ्यावे, कोणत्या वयात घ्यावे, आणि मुळात ते घ्यावेच काय, अशा तिहेरी संभ्रमात ती सापडतात. हा संभ्रम त्यांच्या अज्ञानातून आलेला नसून मराठी व्याकरणाच्या इतिहासातून आलेला आहे, आणि त्या इतिहासाचे दोन-तीन महत्त्वाचे टप्पे खुद्द मावळात घडलेले असल्यामुळे तो तेथूनच पाहणे सोईचे पडते.

शिक्षण हे सरकारी खाते होण्यापूर्वी, म्हणजे गावातील पंतोजी देवळाच्या ओवरीत वा कोणाच्या पडवीत धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत असत त्या काळी, मुलाचे खरे अध्ययन घरीच होत असे आणि ते घराण्याच्या वृत्तीप्रमाणे निरनिराळे असे. भिक्षुकाच्या घरी मुंज झालेला बटू पहाटे उठून ‘रामः रामौ रामाः’ अशी शब्दरूपावली घोकू लागे, तिच्यामागून समासचक्र आणि अमरकोश येत, आणि बुद्धी तीव्र असली तर लघुकौमुदीपर्यंत मजल जाई. कारण जी भाषा घरात कोणी बोलत नाही ती आत्मसात करावयाची तर रूपांची कोष्टके पाठ करण्यावाचून गत्यंतर नव्हते. कुलकर्ण्याच्या वा देशपांड्याच्या घरचा अभ्यासक्रम याहून अगदी वेगळा: तेथे मुलगा वडिलांच्या दप्तराशेजारी बसून मोडीचा कित्ता वळवी, उजळणी म्हणे, आणि हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकांतून कोणास ‘तीर्थरूप’ लिहावे, कोणास ‘चिरंजीव’, कोणास ‘राजमान्य राजश्री’, आणि ‘विनंती विशेष’ म्हणून मुद्द्यावर कसे यावे, याचे वळण उचली. संस्कृताचे व्याकरण शिकणाऱ्यास मराठीचे व्याकरण शिकवावे असे कोणाच्या मनात आले नाही, आणि जमाबंदीचे कागद बिनचूक लिहिणाऱ्या कारकुनास विभक्ती किती हे कधी कोणी विचारले नाही.

या दोहोंहून निराळे उदाहरण मावळातील सुदुंबऱ्याचे. ज्यांची समाधी तेथे आहे ते संताजी महाराज जगनाडे तेल्याच्या घरचे. तुकोबांचे अभंग त्यांनी वहीत उतरून घेतले ही वारकरी परंपरेची श्रद्धा सर्वश्रुत आहे. घाण्याच्या हिशेबासाठी शिकलेले अक्षर या कामी आले, आणि मराठीचे एकही व्याकरण त्या काळी छापलेले नसताना ते काम झाले, ही गोष्ट घरी शिकविणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मग व्याकरणाला मोल आले ते कशाने? त्याचे एक मोठे कारण दक्षिणा, आणि ही दक्षिणा मूळची मावळातली. १७१७ साली सेनापतिपद मिळालेल्या खंडेराव दाभाड्यांनी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात तळेगावी पाडला. १७३१ साली डभईच्या रणात त्यांचे पुत्र त्रिंबकराव बाजीराव पेशव्यांशी लढताना पडले, आणि त्यानंतर तो प्रघात पेशव्यांनी पुण्यास नेला. तेथे तो इतका फोफावला की उत्तर पेशवाईत पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांच्या झुंडी लोटू लागल्या आणि विद्येची परीक्षा नावापुरतीच उरली. राज्य बदलल्यावर इंग्रज अंमलदारांनी ही रक्कम आटोक्यात आणून ती पुन्हा विद्वत्तेशी जोडली, आणि तिच्याच आधारावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज म्हणून ओळखली जाणारी संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ साली पुण्यातील सुधारक मंडळींनी अर्ज करून या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा अशी मागणी केली, आणि दक्षिणा प्राइझ कमिटीचा जन्म झाला. तळेगावच्या वाड्यात सुरू झालेल्या या दानाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास एवढेच सांगतो की, ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती अभ्यासक्रम.

मराठीची पहिली छापील व्याकरणे मराठी मुलांसाठी लिहिली गेलीच नाहीत. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने रचलेले व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाले ते फोर्ट विल्यम कॉलेजातील इंग्रज अंमलदारांसाठी. त्यांना रयतेशी बोलावयाचे होते, आणि परक्या माणसाला भाषेचा नकाशा हवाच असतो. मराठी विद्यार्थ्यांसमोर व्याकरण आले ते १८३६ साली, वयाच्या बाविशीत असलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या हातून. गंगाधरशास्त्री फडके आणि बाळशास्त्री जांभेकर यांची व्याकरणेही त्याच सुमाराची; परंतु पुढच्या आवृत्त्यांतून वाढत गेलेल्या दादोबांच्या पुस्तकानेच शाळाखात्यात ठाण मांडले, आणि त्यांना मराठीचे पाणिनी म्हणण्याची प्रथा पडली. त्यांच्यापुढे नमुना होता लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा, आणि ते व्याकरण १७९५ साली यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेसाठी रचलेले होते. आपण आज पाठ म्हणतो त्या शब्दांच्या आठ जाती त्या इंग्रजी वळणाच्या, आणि ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ या तालावर घोकतो त्या विभक्ती संस्कृताच्या.

या दोन सासरांमध्ये मराठीचे माहेरचे जे धन आहे ते मात्र मूल स्वतःच घेऊन आलेले असते. ‘घोडा’ हा शब्द प्रत्ययापूर्वी ‘घोड्या’ होतो, ‘माळी’चा ‘माळ्या’ होतो, ‘विहीर’ची ‘विहिरी’ होते, हे सामान्यरूपाचे प्रकरण ना इंग्रजीत आहे ना या रीतीने संस्कृतात. तरीही तीन-चार वर्षांचे पोर ‘घोडाला’ न म्हणता ‘घोड्याला’ म्हणते, आणि त्याला ते कोणी शिकविलेले नसते. आषाढात मावळच्या खाचरात लावणी चालू असताना बांधावर उभी असलेली मुलगी ‘बाबांनी भात लावला’, ‘बाबांनी रोपे लावली’ आणि ‘बाबांनी आम्हाला बोलावले’ अशी तीन वाक्ये सहज बोलून जाते. पहिल्या दोहोंत क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे वळते, तो कर्मणी प्रयोग. तिसऱ्यात ते कर्त्याचेही ऐकत नाही आणि कर्माचेही ऐकत नाही, तो भावे प्रयोग. जो भेद दहावीच्या विद्यार्थ्याला परीक्षेत घाम फोडतो तो तिच्या जिभेवर आधीच वसलेला असतो. तिला हवे असते फक्त त्याचे नाव, आणि तेही तिच्याच वाक्यावर बोट ठेवून सांगितलेले.

शिक्षणाची सूत्रे खात्याच्या हातून काढून घेण्याचा सर्वांत धीट प्रयत्न पुन्हा तळेगावीच झाला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापक असलेले आणि ‘ग्रंथमाला’ मासिकाने महाराष्ट्राला परिचित झालेले विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय कोल्हापूरहून निघून तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. मातृभाषेतून शिक्षण, उद्योगाची जोड आणि सरकारी अनुदानाशिवाय चालणारी शाळा, ही त्याची त्रिसूत्री. ज्या गावी पैसा फंडाचा काच कारखाना लोकांच्या पैपैशांतून उभा राहिला त्याच गावी ही शाळा नांदावी यात औचित्य होते. विजापूरकरांच्याच ‘विश्ववृत्त’ मासिकातील पंडित सातवळेकरांच्या लेखावरून त्यांना कारावास घडला आणि १९१० साली सरकारने विद्यालयच बंद केले. शाळा मिटली तरी मराठीतून सर्व विषय शिकविता येतात हा तिचा दावा पुढे साऱ्या महाराष्ट्राने मान्य केला. तिच्या पाठोपाठ, १९११ साली, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध झाले. कवी केशवसुतांच्या या बंधूंनी पूर्वसूरींची मते एकेक करून तपासली आणि मराठीला स्वतःच्या पायांवर उभे करण्याचा यत्न केला. तो ग्रंथ शिक्षकाने बाळगावा, बालकाच्या हाती देऊ नये.

आज घरी शिकणाऱ्या मुलाला खाजगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीस बसता येते, किंवा मुक्त विद्यालयाची वाट धरता येते. म्हणजे परीक्षक आहेच, मात्र तो शेवटच्या दोन वर्षांपुरता. म्हणून माझे मत असे: नऊ-दहा वर्षांपर्यंत व्याकरणाचे पुस्तक घरात मुलासाठी आणूच नये; मोठ्याने वाचन, श्रुतलेखन, आणि मेस्तकांच्या जुन्या रीतीला अनुसरून खऱ्या माणसांना लिहिलेली खरी पत्रे, एवढा अभ्यासक्रम पुरेसा आहे. त्यानंतर मुलाच्याच वहीतील वाक्ये घेऊन आधी सामान्यरूप, मग प्रयोग आणि सर्वांत शेवटी विभक्तींचे कोष्टक, हा क्रम ठेवावा. ‘विहीर’चा दीर्घ ‘विहिरीत’ जाताना ऱ्हस्व होतो हे सामान्यरूपासोबतच दाखवावे, म्हणजे साहित्य महामंडळाने १९६२ साली घातलेले आणि १९७२ साली चारांची भर पडून अठरा झालेले लेखनाचे नियम ओझे वाटत नाहीत. संस्कृत शिकवावयाचे असेल तर मात्र रूपावलीला पर्याय नाही. आणि पुस्तक निवडताना त्याचे मुखपृष्ठ वा किंमत न पाहता एकच प्रश्न विचारावा की, ते कोणासाठी लिहिले आहे: अंमलदारासाठी, परीक्षकासाठी, पंडितासाठी, की आधीच मराठी बोलणाऱ्या मुलासाठी? चौथ्या प्रकारचे पुस्तक बाजारात मिळाले नाही तर पालकांनी ते मुलाच्या वाक्यांतून स्वतः लिहून काढावे. त्यासाठी लागणारे साहित्य त्यांच्या घरात रोज बोलले जात आहे.