यावत्तावत् आणि काळक

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे गाव, तर चाळीसगावजवळचे पाटण खानदेशात. या दोहोंना जोडणारा धागा दहावीच्या वर्गात सापडतो. बालभारतीच्या २०१८ च्या पुस्तकात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हेच पहिले प्रकरण आहे. केशोरीचा विद्यार्थी ज्या विषयात ते शिकतो, त्याचे नाव भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० च्या ग्रंथाचेही नाव आहे: ‘बीजगणित’. आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन केला, असे तेथील शिलालेख सांगतो.

आज आपण अज्ञात राशींना क्ष आणि य म्हणतो. भास्कराचार्य पहिल्या राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि पुढच्या राशींना रंगांची नावे देत: काळक, नीलक, पीतक, लोहितक. म्हणून अशा समीकरणांचे नाव ‘अनेकवर्णसमीकरण’. प्रत्येक समीकरणातून पहिल्या वर्णाची किंमत इतर वर्णांत काढायची, त्या किमती परस्परांशी समान मांडायच्या, म्हणजे एक वर्ण नाहीसा होतो. शाळेतील ‘लोप’ तो हाच.

परंतु त्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहावे. एक जण मित्राला म्हणतो, ‘मला शंभर दे, म्हणजे माझे धन तुझ्या दुप्पट होईल.’ दुसरा म्हणतो, ‘तूच मला दहा दे, म्हणजे माझे धन तुझ्या सहापट होईल.’ राशी दोन, अटी दोन. दोन वर्ण मांडून सरळ सुटेल असे हे उदाहरण. भास्कराचार्य मात्र येथे एकच वर्ण घेतात. शंभर दिल्यावर दुसऱ्याजवळ ‘या’ उरले असे मानले, तर पहिल्याजवळ त्या वेळी २ या असणार. म्हणजे मुळात पहिल्याचे २ या − १००, दुसऱ्याचे या + १००. पहिली अट मांडणीतच पुरी झाली! दुसरी अट सांगते, या + ११० = ६ (२ या − ११०). म्हणून ११ या = ७७०, या = ७०; धने ४० आणि १७०.

यावरून ‘सारे आमच्याकडेच होते’ असा निष्कर्ष आम्हाला काढायचा नाही. चीनमधील ‘नऊ अध्याय’ या ग्रंथात अशा समीकरणसंचांची पद्धतशीर रीत भास्कराचार्यांच्या सुमारे हजार वर्षे आधीच आढळते. आणि आपले विद्यार्थी निश्चयकांची जी रीत शिकले, ती स्वित्झर्लंडच्या क्रेमरने १७५० साली प्रसिद्ध केली. ज्ञानाला गावाची शीव नसते.

आमचे म्हणणे वेगळे आहे. निश्चयकाची रीत कोणत्याही उदाहरणाला तशीच लावता येते, हे तिचे बळ. पण तीत विचार करण्याचे काम रीतच उरकते. अज्ञात म्हणून काय धरावे, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतच नाही. भास्कराचार्यांनी तर स्पष्टच म्हटले आहे की बीज अक्षरांत नसते, बुद्धी हेच खरे बीज. गुणांच्या हिशेबात केशोरीच्या मुलाला रीत मिळेल. ‘या’ कोठे ठेवायचा, हे स्वतः ठरवण्याची मुभाही त्याला मिळावी. नाहीतर विषयाच्या नावातले बीज रुजणार नाही, नुसते गणित उरेल.