गोंड शिक्षण योजना (हैदराबाद संस्थान)

निजामाच्या हैदराबाद संस्थानाने आदिलाबाद जिल्ह्यात 1943 मध्ये सुरू केलेली, गोंडी भाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याची योजना.  संस्थानाच्या कारभाराचे हे फारसे न वाचलेले पान. संस्थानाची राजभाषा उर्दू. मराठवाड्यातील अंबडच्या मराठी कुणब्याला कचेरीचा कागद परका वाटे, मग आदिलाबादच्या गोंडाची काय कथा!

योजनेमागे गोंडांचा एक उठाव होता. राखीव जंगले, चराईचे कर आणि जमिनी बळकावणारे बाहेरचे लोक यांविरुद्ध उठलेला कुमराम भीम 1940 मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर सरकारने व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांची पाहणी सोपवली. बंडाचे मूळ हिरावलेल्या जमिनीत आहे, हे त्यांनी मांडले. शाळा आली ती या पाहणीच्या पाठोपाठ. म्हणजे ती विद्यादानाइतकीच राज्य सांभाळण्याचीही सोय होती.

मारलवाई येथे शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. गुरुजी गोंडच हवेत, पण शिकलेले गोंड जवळजवळ नव्हतेच. जुजबी मराठी वाचू शकणारे थोडे तरुण हाताशी धरले गेले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. ही निवड व्यवहार्य होती, पण पूर्ण विचाराची म्हणता येत नाही. गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते पुढे याच जिल्ह्यातील गुंजाळा गावात सापडली. 2018 मध्ये त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आणखी एक गुंता असा, की गोंडांच्या वंशकथा गोंडीत गाणाऱ्या प्रधानांची घरची बोली मराठी होती. ‘एक जमात, एक भाषा’ हा सरकारी हिशेब इथे मुळातच जुळत नव्हता.

1956 च्या भाषावार रचनेत किनवट व राजुरा तालुके मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. इकडे मराठी, तिकडे तेलुगू; गोंडी वाचनपुस्तके अडगळीत पडली. वरून दिलेली योजना वरूनच संपली, हा तिचा खरा दोष. गोंडी आजही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली; पुढे शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून नोटीस बजावली.