सातपुड्यातलं घर आणि त्याची साठवण

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि सनावळ्या आठवतात. आज मी तुम्हाला घरातल्या माळ्यावर नेणार आहे. जागा लहान, कुटुंब मोठं, मग वर्षभराचं सामान ठेवायचं कुठे? शहरातल्या एका खोलीच्या घराला आज हा प्रश्न पडतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात, भिल्ल आणि पावरा कुटुंबांनी तो केव्हाच सोडवला होता.

त्या घराची रचना बघा. कुडाच्या भिंती, आत मोकळी जागा, एका अंगाला गुरं. अशा भिंतीत फडताळ कुठून येणार? म्हणून सामान वर चढतं. बांबूच्या माळ्यावर धान्य. शेणमातीनं लिंपलेल्या बांबूच्या कणग्या. बियाण्याची मक्याची कणसं चुलीच्या वर टांगलेली, कारण धुरामुळे कीड दूर राहते. कडधान्यात राख मिसळायची. वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात बी भरायचं. म्हणजे चूल एकच, पण ती भाकरी भाजते आणि पुढच्या वर्षाचं बियाणंही राखते.

पण एवढ्यावर भागत कसं होतं? याचं उत्तर घरात नाही, घराबाहेर आहे. चैत्रात मोह पडायचा, पावसाळ्यात कंद निघायचे, नर्मदेत मासे होते. नवी कणगी विणायची तर बांबू रानात उभा. लाकूडफाटा, चारा, औषधी पाला सगळं तिथेच. खरं कोठार जंगल होतं. घरात फक्त तेवढंच ठेवायचं, जे रान सांभाळू शकत नाही.

आता सन लक्षात ठेवा, 1878. त्या वर्षीच्या वन कायद्यानं जंगलं राखीव करण्याची वाट सरकारला मोकळी झाली. कोठार तिथंच राहिलं, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेली.

दुसरं सन 1979. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं येणार होती, ती सगळी याच डोंगरातली. मणिबेली त्यातलं पहिलं. निवाड्यात विस्थापित कुटुंबाला घरासाठी 60 फूट बाय 90 फुटांचा भूखंड ठरला. कागदावर ही जागा काही लहान नाही, आजच्या फ्लॅटवाल्याला हेवा वाटेल अशी. पण मोजली गेली ती लांबी आणि रुंदी. रानातलं कोठार कुठल्या फुटपट्टीनं मोजणार?

लोकांनी घरं उसकली, खांब-वासे सोबत नेले. तळोद्याकडच्या सपाटीवर घर पुन्हा उभं करता येतं. पण मोह, कंद, नदी गाडीत भरता येत नाहीत. जे फुकट बाहेर साठलेलं होतं, ते आता विकत आणून घरातच ठेवायचं. विकत घ्यायला पैसे हवेत, पैशासाठी मजुरी हवी. घर तेवढंच, पण अपुरं पडायला लागलं.

2006 च्या वनहक्क कायद्यानं गावाचा जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य केला. माझ्या मते, ही त्या जुन्या कोठाराची किल्ली अंशतः परत मिळणं आहे. तेव्हा एखाद्याचं घर लहान आहे असं म्हणण्याआधी विचारा, त्याच्या घराबाहेरचं काय गेलं?