वर्णपटातील काळा पट्टा

१९०२ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, रॉबर्ट विल्यम्स वुड हा भौतिकीचा प्राध्यापक एका धातूच्या जाळीवरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट न्याहाळीत होता. जाळी म्हणजे अतिसूक्ष्म समांतर रेघा कोरलेला चकचकीत पत्रा. तिच्यातून रंग क्रमाक्रमाने एकमेकांत विरत जावेत, ही अपेक्षा; प्रत्यक्षात एके ठिकाणी उजेड एकाएकी मावळून काळा पट्टा उमटला होता. वुड मोठा चिकित्सक. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये नान्सी येथे, ब्लाँडलो यांच्या यंत्रातील लोलक अंधारात हळूच काढून घेऊन, त्यांच्या ‘एन-किरणां’चा फोलपणा त्यानेच उघडकीस आणला. स्वतःला दिसलेल्या पट्ट्याचा उलगडा मात्र त्याला झाला नाही. तरीही तो त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला, हे पुढील पिढ्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

उलगडा होण्यास अनेक दशके लागली. धातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांचा समुदाय विशिष्ट प्रकाशाने एकतालात हेलकावू लागतो. ती ऊर्जा पृष्ठभागावरच लाटेसारखी धावते आणि परतणाऱ्या प्रकाशात तेवढी उणीव पडते. १९६८ साली जर्मनीत ओटो आणि क्रेचमन यांनी काचेच्या लोलकाच्या साहाय्याने ही लाट हुकमी उठवून दाखविली.

खरी गोम पुढेच आहे. ही लाट धातूला चिकटून असलेल्या अत्यंत पातळ थरापुरतीच जाणती असते. सोन्याच्या पापुद्र्यावर एखाद्या विषाणूची प्रतिपिंडे बसवावीत आणि वरून नमुना वाहू द्यावा. विषाणू अडकताच तेथील वक्रीभवन बदलते आणि काळा पट्टा किंचित सरकतो. सुमारे शंभर नॅनोमीटरांचा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचा. पेशींत वाढवून ओळखावा, तर कित्येक दिवस जातात आणि तोवर रोग घरोघर पोचलेला असतो. येथे मात्र रंग नको, संवर्धन नको. प्रतिपिंडे जोडली जाताना अशा रीतीने टिपता येतात, हे स्वीडनमधील लिंकोपिंग येथे लिडबर्ग, निलँडर व लुंडस्ट्रॉम यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. १९९० साली स्वीडनमधूनच विक्रीस योग्य असे यंत्रही बाजारात आले.

अडचण संवेदनशीलतेची कमी, विवेकाची अधिक. रक्तातील वा लाळेतील इतर प्रथिनेही सोन्याला चिकटतात, आणि पट्टा त्यांच्यासाठीही तितक्याच निष्ठेने सरकतो. २०२० साली झुरिच येथील संशोधकांनी यावर एक युक्ती योजिली. सोन्याच्या सूक्ष्म बेटांवर त्यांनी करोना विषाणूच्या आरएनएला जुळणारे डीएनएचे तुकडे बसविले आणि प्रकाशानेच ती बेटे तापविली. अर्धवट जुळणारे धागे उष्णतेने सुटले. २००३ च्या साथीतील जवळच्या विषाणूपासून नवा विषाणू त्यामुळे वेगळा ओळखता आला.

तथापि त्या महामारीत रुग्णालयांचा भार पीसीआर चाचणीनेच वाहिला. घरोघरी पोचली ती कागदी पट्टी. अशा कित्येक पट्ट्यांवर उमटणारी तांबूस रेघ सोन्याच्या कणांची असते, आणि त्या सोन्याला पिवळ्याऐवजी लाल रंग येतो तो इलेक्ट्रॉनांच्या अशाच हेलकाव्यामुळे.