लघुग्रहांवरचे खाणकामगार

लघुग्रहांवर खाणकाम करून पोट भरणारा माणूस आज जगात कोठेही नाही. जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये र्‍यूगू या लघुग्रहावरून सुमारे ५.४ ग्रॅम माती आणली. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स मोहिमेने बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम आणली. त्याआधी २०१० मध्ये पहिल्या हायाबुसाने इतोकावाचे काही सूक्ष्म कण आणले होते. मानवजातीची या क्षेत्रातील कमाई एवढीच.

असे असले तरी लघुग्रहांवरील खाणकाम या व्यवसायाला वीस वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्यात चोऱ्या आहेत, खंडणी आहे, मक्तेदारी आहे, मालाचा महापूर आणि दुष्काळही आहे. हा सारा इतिहास ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाच्या एका संगणकीय खेळात घडला. खेळाचा कसला आला इतिहास, असे काही शिक्षकांना वाटेल. पण बुद्धिबळाचा डाव संपला की सोंगट्या डब्यात जातात, तसे येथे होत नाही. हे विश्व २००३ पासून अखंड चालू आहे. चीनमधला स्वतंत्र सर्व्हर सोडला, तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात, आणि काल बुडालेले यान आज परत मिळत नाही. त्यामुळे येथे जे घडते ते साचत जाते, आणि जे साचते त्याचा इतिहास होतो.

या व्यवसायाची मुळे थोडी आधीची आहेत. सप्टेंबर १९८४ मध्ये केंब्रिजमधील डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांचा ‘एलीट’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू यानावर खाणकामाचा लेसर बसवून लघुग्रह फोडू शकत असे आणि तुकडे गोळा करून विकू शकत असे. हा खेळ ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकासाठी लिहिलेला होता. आपल्याकडील जुन्या शिक्षकांना हे नाव परके नसेल. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी सुरू केलेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता योजनेत हेच संगणक आले होते. केवळ ३२ किलोबाइट स्मृतीच्या त्या यंत्रात आठ आकाशगंगा मावल्या होत्या. मात्र ‘एलीट’मध्ये खेळाडू एकटाच असे. त्याचा माल विकत घेणारे, त्याला लुटणारे सगळे आज्ञावलीतले. दुसरा माणूस नसेल तर व्यवसाय कसला?

तो दुसरा माणूस आइसलँडने पुरवला. रेक्याविक येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या सीसीपी या कंपनीने आधी एक पटावरचा खेळ विकून थोडे भांडवल उभे केले आणि ६ मे २००३ रोजी ‘ईव्ह ऑनलाइन’ सुरू केला. त्यातील चलनाचे संक्षिप्त नाव ‘आयएसके’. आइसलँडच्या खऱ्या चलनाचे, क्रोनाचे, संक्षिप्त नावही तेच आहे. आमच्या मते कंपनीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असा, की या विश्वातील जवळजवळ प्रत्येक यान आणि तोफ खेळाडूंनीच घडवायची, आणि त्यासाठी लागणारे खनिजही खेळाडूंनीच खणायचे. दुकानात तयार माल ठेवलेला नाही. युद्ध करणाऱ्या हजारोंच्या मागे कोणीतरी दगड फोडत बसलेच पाहिजे, हे त्या एका नियमाने ठरवून टाकले.

काम कसे चाले? यान लघुग्रहांच्या पट्ट्यात न्यायचे, एक दगड निवडायचा, लेसर लावायचा. साधा लेसर मिनिटा-मिनिटाने थोडे धातुक यानाच्या कोठीत टाकी. कोठी भरली की स्थानकावर जाऊन रिकामी करायची आणि परत यायचे. धातुक शुद्ध केले की आठ खनिजे मिळत. त्यांतले सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक लागणारे ट्रिटेनियम. ते वेल्डस्पार या अगदी सामान्य दगडातून निघे. आपल्या पाठ्यपुस्तकात खनिज आधी आणि त्यातले परवडणारे ते धातुक, असा क्रम असतो. येथे धातुक वितळवून ‘खनिज’ काढतात. विज्ञान शिक्षकांनी ही उलटापालट विद्यार्थ्यांच्या लक्षात जरूर आणून द्यावी.

दगडांची नावे मात्र मौजेची आहेत. वेल्डस्पार काल्पनिक, पण प्लॅजिओक्लेज खरे. पायरॉक्सेरिस हे नाव पायरॉक्सिनवरून घेतलेले दिसते. सह्याद्रीचा काळा पाषाण प्रामुख्याने याच दोन खनिजांचा बनलेला आहे, आणि व्हेस्टा या लघुग्रहावरून आलेल्या बेसाल्टसदृश अशनींतही हीच दोन सापडतात. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने येथे चुकून का होईना नेम साधला. पट्टा मात्र अगदीच खोटा. खेळात दगड हाकेच्या अंतरावर तरंगतात. आपल्या सूर्यमालेच्या पट्ट्यात दोन मोठ्या लघुग्रहांमध्ये सरासरी लाखो किलोमीटरची पोकळी असते, आणि साऱ्या पट्ट्याचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या जेमतेम तीन टक्के भरते.

हे काम कंटाळवाणे आहे, आणि अनेकांना ते त्यासाठीच आवडे. दाणे निवडता निवडता गप्पा माराव्यात, तसे लोक खाणकाम करता करता बोलत बसत. काहीजण लेसर लावून चक्क जेवायला उठत. यातूनच पहिली चोरी जन्मली. सुरुवातीच्या यानांची कोठी लहान असे. वारंवार फेऱ्या नकोत म्हणून खाणकामगार धातुक अवकाशात सोडलेल्या डब्यात भरू लागले. एका डब्यात २७,५०० घनमीटर माल मावे, आणि मग मोठे मालवाहू यान आणून तो एकदम उचलता येई. पण उघड्यावर ठेवलेला माल कोणीही उचलू शकतो. चोराला रोखायचे तर निःशस्त्र खाणकामगाराने त्याच्यावर हल्ला करायचा, आणि चोर नेमका त्याचीच वाट पाहत असे.

दुसरी गोष्ट चोरीहूनही जास्त नुकसान करी, पण ती कोणाला दिसत नसे. नवखा खाणकामगार म्हणे, ‘मी स्वतः खणलेले खनिज मला फुकट पडते.’ समजा, त्याने दहा लाखांना विकले गेले असते एवढे खनिज वापरून एक यान बांधले आणि ते नऊ लाखांना विकले. तो नऊ लाखांचा नफा मांडतो. खरे तर त्याने लाखभर गमावलेले असतात. घरच्या माणसांची मजुरी हिशेबात न धरता शेती परवडते असे म्हणण्यासारखेच हे. त्या खेळातील जुनी मंडळी नवख्यांना हा धडा वर्षानुवर्षे देत आली आहेत. अकरावीच्या अर्थशास्त्रात ‘संधी-खर्च’ शिकवताना याहून सुटसुटीत उदाहरण आम्हाला तरी आढळले नाही.

२००८ पासून या हिशेबाला आणखी एक बाजू आली. एका खेळाडूने खऱ्या पैशाने घेतलेला खेळण्याचा कालावधी दुसऱ्याने आयएसके देऊन विकत घ्यावा, अशी सोय कंपनीने केली. आता भरपूर खणणारा माणूस आपली वर्गणी खनिजातून भरू शकत होता. त्याच्या तासांना डॉलरमध्ये मोजता येईल अशी किंमत आली. आयएसके रोख पैशांना विकण्यास बंदी होती आणि आहे. तरी मानवाऐवजी आज्ञावलीकडून रात्रंदिवस खणून घेणारे निघालेच, आणि त्यांना हुडकणे हे कंपनीचे कायमचे काम होऊन बसले.

खाणकामगाराच्या जिवाला धोका होताच. या विश्वाचे काही भाग सुरक्षित मानले जातात. तेथे ‘कॉन्कॉर्ड’ नावाचे पोलीस दल असते. पण ते हल्लेखोराला नष्ट करते, हल्ला झालेल्याला वाचवत नाही. त्यामुळे स्वस्त यान पणाला लावून ‘हल्क’सारखे महागडे खाणयान फोडणे काहींना परवडू लागले, भरीस भर म्हणजे पोलिसांनी फोडलेल्या हल्लेखोर यानाला विम्याचे पैसेही मिळत. २००९ पासून खेळाडूंनी ‘हल्कागेडन’ नावाने अशा शिकारीच्या स्पर्धाच भरवल्या.

२०११ च्या शरद ऋतूत याला व्यापाराची जोड मिळाली. गूनस्वार्म या मोठ्या टोळीने विशिष्ट प्रदेशातील बर्फ खणणाऱ्यांवर सरसकट हल्ले सुरू केले. त्या बर्फातून मिळणारे ऑक्सिजनचे समस्थानिक हे अनेक मोठ्या यानांचे इंधन होते. टोळीने आधी बाजारातला साठा विकत घेऊन ठेवला होता. पुरवठा तुटला, भाव चढला, आणि साठा विकला गेला. २०१२ मध्ये आणखी एक टोळी उभी राहिली. ती खाणकामगारांना वर्षाला एक कोटी आयएसके भरून ‘परवाना’ घ्यायला सांगे. वर अट अशी, की काम करताना माणसाने यंत्रासमोर हजर असले पाहिजे. न घेणाऱ्याचे यान फुटे.

कंपनीने हात अगदीच जोडून घेतले नव्हते. २०११ च्या अखेरीस हल्लेखोरांचा विमा बंद झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये खाणयानांची पुनर्रचना झाली: एक भक्कम, एक मोठ्या कोठीचे, एक सर्वाधिक उत्पादनाचे. कशाला किती महत्त्व द्यायचे हे कामगाराने ठरवावे. त्याच वर्षी आणखी एक जुना अन्याय दूर झाला. २००६ मध्ये उघडलेल्या एका दूरच्या प्रदेशातील यंत्रमानव मारले की त्यांतून खनिजयुक्त मिश्रधातू मिळत. म्हणजे लढणारे लोक लढता लढता खनिजाचा बाजार भरत, आणि खणणाऱ्याचा भाव पडे. ते मिश्रधातू २०१२ मध्ये बंद झाले.

चंद्रांची कथा निराळी. तेथे माणसाला खणावे लागतच नसे. तळ उभारला की यंत्र आपोआप माल काढी. या मालांपैकी एक होता टेक्नेशियम. नाव खऱ्या मूलद्रव्याचे, अणुक्रमांक ४३, १९३७ मध्ये सिद्ध झालेले. खेळातला टेक्नेशियम बहुतेक प्रगत मालाला लागे, पण तो देणारे चंद्र मोजकेच आणि ठराविक टोळ्यांच्या ताब्यात. २०१२ मध्ये या टोळ्यांनी ‘ओपेक’च्या नावावर बेतलेला ‘ओटेक’ नावाचा संघ काढून भाव ठरवायला सुरुवात केली. रणांगणावरचे शत्रू बाजारात भागीदार झाले! २०१७ च्या ऑक्टोबरात ही आपोआपची कमाई थांबली. चंद्राचा तुकडा वर खेचून फोडायचा आणि मग माणसांनी येऊन खणायचे, अशी पद्धत आली. खंडणीदाराला प्रथमच मजुराची गरज पडली.

या साऱ्या व्यवहारावर नजर ठेवायला कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन या खऱ्या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली. ते खनिजांच्या किमतींचा निर्देशांक प्रसिद्ध करीत; पुढे २०१४ मध्ये ते आक्युरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मागणीचे मूळ विध्वंसात आहे, हे त्या आकड्यांतून दिसे. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-५-आर-बी या तारकासंस्थेत सुमारे २१ तास लढाई चालली. ‘टायटन’ जातीची ७५ महायाने नष्ट झाली, आणि नुकसान ३ लाख डॉलरच्या घरात असल्याचे अंदाज निघाले. त्यांतल्या प्रत्येक टायटनमागे कितीतरी लोकांनी फोडलेल्या दगडांचे ढीग होते.

मग आला महापूर. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘रॉरक्वल’ या देवमाशाच्या नावाच्या अवजड यानाला प्रचंड उत्पादनक्षमतेची खाणयंत्रे मिळाली. एकेक माणूस अनेक खाती चालवून अनेक रॉरक्वल एकदम राबवू लागला. बलाढ्य टोळ्यांच्या संरक्षित प्रदेशांत खनिजाचे डोंगर साचले. पूर्वी क्वचित दिसणारी महायाने ताफ्याने दिसू लागली, आणि साध्या खाणयानात बसलेल्या माणसाच्या श्रमाची किंमत घसरली. कंपनीने २०१७ मध्ये रॉरक्वलला अनेकदा लगाम घातला, पण पूर ओसरेना. शेवटी २०१९ च्या अखेरीपासून तिने उलट टोक गाठले: पट्ट्यांतील दगड कमी केले, कोणते खनिज कोठे मिळेल याची फेरवाटणी केली. सुमारे दोन वर्षांच्या या दुष्काळात मोठ्या यानांच्या किमती अनेक पटींनी चढल्या. गंमत अशी, की पुराच्या वेळी साठे केलेल्या धनिकांना दुष्काळाने आणखी धनवान केले. नव्याने आलेल्यांना मात्र जुनी याने घडवणे दुरापास्त झाले. खेळाडूंचा संताप एवढा, की २०२१ च्या अखेरीस कंपनीला टंचाईचे पर्व संपल्याचे जाहीर करावे लागले.

या वीस वर्षांत लेसर लावून बसणाऱ्याचे काम फारसे बदलले नाही. त्याची मिळकत मात्र दर वेळी बदलली, आणि ती बदलणारे निर्णय त्याच्या यानाबाहेर झाले: कोणता माल कोठे ठेवायचा, चोर कोणाला म्हणायचे, मारेकऱ्याला विमा द्यायचा की नाही.

खऱ्या लघुग्रहांबाबत असे नियम आधीच लिहिले जाऊ लागले आहेत. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणताही देश खगोलीय वस्तूवर सार्वभौमत्व सांगू शकत नाही. पण तेथून काढलेला माल कोणाचा, याबद्दल करारात स्पष्ट शब्द नाहीत. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून आपल्या नागरिकांना अशा मालाची मालकी दिली; लक्झेंबर्गने २०१७ मध्ये तसेच केले. लघुग्रहांवर खाणकाम करण्याची २०१२ मध्ये गाजावाजा करून घोषणा करणारी ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ ही कंपनी २०१८ मध्ये दुसऱ्याच धंद्यातील एका कंपनीने विकत घेतली. तोवर तिची दोन लहान चाचणी-याने पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेली होती. लघुग्रहापर्यंत एकही पोहोचले नव्हते.